चारशे बारा उघडी कार्डं

मी, अंबादास हेमचंद्र चांदवडकर, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त स्टोअरकीपर, मूळ गाव नाशिक, हल्ली मुक्काम अल बर्शा, दुबई, आज माझ्या हाताने आणि माझ्याच डोक्याने हे लिहून ठेवतो. माझ्यावर कुणाचा दाब नाही. असता तरी मी जुमानला नसता. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण चार वर्षांपूर्वी माझा मुलगा चि. तन्मय याने या घरात सर्वांसमक्ष "बाबांचं डोकं फिरलंय" असे उद्गार काढले होते. डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी थेट दोनपर्यंत पोचलो, तेव्हा ते म्हणाले, "बस, बस, अंकल, सही करतो."

याआधी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही, कारण याआधी मला मरायचं नव्हतं. आताही नाही. पण मी काही न लिहिता गेलो तर माझ्या कार्डांचं काय होईल हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

मजकूर मराठीत आहे. त्याचं इंग्रजी आणि अरबी टायपिंग सेंटरमधल्या कु. उमैमा करतील. कच्चा मसुदा वाचून त्या म्हणाल्या, "अंकल, विल में इतना ग़ुस्सा नहीं लिखते." मी म्हटलं, बेटी, घर लिहिता येतं, पैसे लिहिता येतात, मग राग का नको? तोही माझ्याच कमाईचा आहे. त्यांनी चहा मागवला आणि पुढे वाचायला घेतलं.

कलम एक. घर आणि शिल्लक.

नाशिकला इंदिरानगरमधला दोन खोल्यांचा फ्लॅट माझी सून सौ. अस्मिता हिला, तिच्या एकटीच्या नावाने. तिला कधीतरी परत जायचं आहे, हे ती फक्त मला सांगते. आता सगळ्यांना कळलं, इलाज नाही. बँकेतली शिल्लक नात चि. पर्णिका हिच्या शिक्षणासाठी. फार नाही, उगाच मोठ्या कॉलेजची स्वप्नं पाहू नयेत. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं कामही अस्मितानेच करायचं आहे.

तन्मयचं नाव अजून आलं नाही. येईल. घाई करू नये.

कलम दोन. कार्डं माझी कशी, याचा पुरावा.

मी १९७७ साली दुबईला आलो. जेबेल अलीच्या बाजूला एका अमेरिकन कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचा कॅम्प होता, तिथे स्टोअर सांभाळत होतो. १९८६ साली काम संपलं आणि कॅम्प गुंडाळला. आमचा साहेब टेक्ससचा. जाताना त्याच्या बंगल्यातलं नको असलेलं सामान स्टोअरमध्ये येऊन पडलं. त्यात एक खोका होता. उघडला तर बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांची कार्डं, साहेबाच्या लहानपणची, म्हणजे १९५० ते ६० च्या दरम्यानची. त्या काळी तिकडे च्युइंगमच्या पाकिटात अशी कार्डं मिळत. काहींच्या पाठीवर गमचा डाग तसाच आहे. काहींवर साहेबाने शिसपेन्सिलीने स्वतःचं नाव गिरवलं आहे, नऊ-दहा वर्षांच्या अक्षरात.

मी साहेबाला विचारलं, हे काय करायचं? तो म्हणाला, ठेव नाहीतर जाळ. मी स्टोअरकीपर. कागदाशिवाय मी खिळासुद्धा बाहेर सोडला नाही आणि आतही घेतला नाही. साहेबाकडून कंपनीच्या लेटरहेडवर लिहून घेतलं की या खोक्यातलं सगळं अंबादासचं. तो कागद ड्रॉवर क्रमांक एकमध्ये आहे. ज्याला शंका असेल त्याने तो वाचावा आणि गप्प बसावं.

मोजून चारशे बारा कार्डं. बेसबॉल मला आजही कळत नाही.

कलम तीन. माझी पत्नी कै. कुमुद आणि दसऱ्याचं कार्ड.

कुमुद १९८२ साली इथे आली. मॅट्रिक झालेली, इंग्रजी वाचायची पण बोलायला लाजायची. खोका घरी आणला तेव्हा मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. तर तिने पदर खोचला, जमिनीवर बसली आणि एकेक कार्ड पुसून लावायला घेतलं. प्रत्येकाच्या पाठीवर खेळाडूचं गाव, वजन, उंची, कुठल्या साली काय केलं, असं बारीक छापलेलं. ती ते मोठ्याने वाचायची. पुढे आम्ही त्याचा खेळ केला. दोघांनी एकेक कार्ड काढायचं, ज्याच्या माणसाने जास्त धावा काढल्या तो जिंकला, हरला त्याने चहा करायचा. अडतीस वर्षांच्या संसारात चहा मीच जास्त वेळा केला आहे.

पहिल्याच दसऱ्याला तिने पूजा मांडली. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, पोरांची पुस्तकं. माझ्याकडे काय? स्टोअरच्या किल्ल्या कंपनीने परत घेतलेल्या, नवी नोकरी अजून लागायची. कुमुद म्हणाली, "हत्यार नाही तर नाही. तुमचं जे आहे ते पुजते." आणि तिने एका कार्डावर हळद-कुंकवाचं बोट टेकवलं. त्या आठवड्यात मला अल क्वोजच्या गोदामात नोकरी लागली. झालं! मग दर दसऱ्याला एक कार्ड.

मी अगदीच भोळा नव्हतो. देराला माझे मित्र श्री. हमदुल्ला यांचं जुन्या नाण्या-तिकिटांचं दुकान आहे. त्यांनी मला एव्हाना कार्डांचे भाव समजावले होते. तेव्हा मी घरात नियम केला की पूजेला कार्ड मी काढून देणार, आणि देणार ते सगळ्यांत फाटकं, ज्याचं काही येणार नाही असं. कुमुद हसली आणि हो म्हणाली. तेहतीस वर्षं तो नियम पाळला गेला. कुंकू लागलेली ती तेहतीस कार्डं ड्रॉवर क्रमांक तीनमध्ये सालवार लावली आहेत.

कलम चार. मुख्य अट.

माझ्या पश्चात यातलं कोणतंही कार्ड ग्रेडिंगला पाठवायचं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपलं कार्ड अमेरिकेला पाठवायचं. तिथे कुणी अनोळखी माणूस भिंगातून त्याचे चार कोपरे बघतो, कडा बघतो, चित्र मधोमध छापलंय का ते बघतो, डाग बघतो. मग एक ते दहा यांतला एक आकडा देतो आणि कार्ड कडक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून पाठवतो. त्यानंतर लोक कार्ड विकत घेत नाहीत, आकडा घेतात. पेटीबाहेरच्या कार्डाला हे लोक "रॉ" म्हणतात, म्हणजे कच्चं. सत्तर वर्षांचं झालेलं कार्ड कच्चं कसं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पेटीतल्या कार्डाची पाठ वाचता येते, पण हातात धरता येत नाही. वास येत नाही. त्याच्याशी खेळून कुणाला चहा करायला लावता येत नाही. भाव चौपट होतो, मान्य आहे. पण मी एकही कार्ड आजवर विकलेलं नाही, तर तो भाव माझ्या काय कामाचा?

आणि दर्जाच ठरवायचा तर मी सदतीस वर्षं माल तपासला आहे. गोदामात प्रत्येक मालाच्या रॅकला एक बिन कार्ड असतं, किती आला, किती गेला, कोणत्या अवस्थेत, ते लिहायला. तशी चारशे बारा बिन कार्डं मी या संग्रहाची मराठीत लिहिली आहेत. माझे दर्जे चार : उत्तम, बरं, चालेल, आणि भोगलेलं. साहेबाने लहानपणी सायकलच्या चाकात लावून फडफडवलेली कार्डं "भोगलेलं" या दर्जात आहेत आणि मला तीच जास्त आवडतात. मला विचारल्याशिवाय माझ्या मालाला नंबर लावणारा तिऱ्हाईत कोण?

कलम पाच. वर उल्लेखलेल्या डोकं फिरण्याची हकीकत.

संग्रहातलं सगळ्यांत मोलाचं कार्ड एका पुढे फार गाजलेल्या खेळाडूचं आहे, त्याच्या पहिल्या वर्षाचं. नाव इथे लिहीत नाही. हा कागद अजून चार टेबलांवरून जायचा आहे. या कार्डावरही कुंकू आहे. कुमुद नोव्हेंबर २०१९ मध्ये गेली, त्याच्या आधीच्या दसऱ्याचं.

२०२१ साली जगभर घरात बसलेल्या लोकांना कार्डांचं वेड लागलं आणि भाव भडकले. तन्मयला दुबईत फ्लॅट घ्यायचा होता. तो म्हणाला, "बाबा, फोटो काढायला नेतो." दिलं. चार महिन्यांनी ते कार्ड अमेरिकेची वारी करून प्लॅस्टिकच्या पेटीतून परत आलं. आकड्याच्या जागी आकडा नव्हता, नुसती इंग्रजीत एक ओळ होती.

"कार्ड ओरिजिनल आहे, बाबा. फक्त सरफेसवर फॉरेन सबस्टन्स सापडला म्हणून ग्रेड नाही दिली."

"म्हणजे काय सापडलं?"

"आईचं कुंकू."

मी खुर्चीवर बसलो. त्याचं चालूच. "टेन्शन नाही. शारजाला एक जण आहे, केमिकलने डाग काढतो, कळतसुद्धा नाही. पुन्हा पाठवू. सहा नंबर जरी आला ना, तरी नव्वद हजार दिरहम. अठरा लाख रुपये, बाबा!"

मी म्हटलं, "ते पुसायचं नाही."

तेव्हा तो जे बोलला ते मी जसंच्या तसं लिहितो. "आईला काय कळत होतं हो? दिसलं कार्ड, टेकवलं बोट. नुसता अडाणीपणा."

मी उठलो, पाना-हातोडीच्या डब्यातून हातोडा काढला, पेटी ओट्यावर ठेवली आणि घाव घातला. तन्मय ओरडला. पर्णिका म्हणाली, "ओ माय गॉड, आबा!" अस्मिता तेवढी पुढे आली आणि म्हणाली, "बाबा, तुकडे डोळ्यात उडतील, थांबा, टॉवेल धरते." तिसऱ्या घावाला पेटी फुटली. त्याच घावाला कार्डाचा वरचा उजवा कोपरा दुमडला. ती चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही, आणि बिन कार्डावर तशी नोंद केली आहे. तन्मय म्हणाला, "आता याचं काही येणार नाही. खलास." मी म्हटलं, "बरं झालं." त्यावर त्याने डोक्याबद्दलचं ते वाक्य उच्चारलं.

मी तन्मयच्या स्पॉन्सरशिपवर या देशात राहतो. दर वेळी माझ्या व्हिसाचे पैसे तोच भरतो, औषधं तोच आणतो, कधी बोलून दाखवत नाही. ते मी मोठ्या मनाने इथे नमूद करतो. पण त्याच्या व्हिसावर मी आहे. माझी कार्डं नाहीत.

कलम सहा. हत्यारं.

भिंग, मऊ ब्रश आणि बिन कार्डांची ड्रॉवरवाली लोखंडी कपाटं पर्णिकाला. हातोडा अस्मिताला.

कलम सात. धाकटे बंधू श्रीनाथ.

माझे बंधू श्रीनाथ, राहणार नाशिक, यांनी तीस वर्षं नातेवाइकांत सांगितलं की "आमचा दादा दुबईत पत्ते गोळा करतो." त्यांना माझ्यातर्फे नवाकोरा पत्त्यांचा एक जोड द्यावा, किंमत दहा दिरहम, म्हणजे अडीचशे रुपयांच्या आतबाहेर. कुरियरचा खर्च त्यांनी करावा.

कलम आठ. संग्रह.

एक वगळून बाकी चारशे अकरा कार्डं चि. पर्णिकाला. तिला त्यांची आवड आहे असं मी खोटं लिहिणार नाही. ती पंधरा वर्षांची आहे. मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बट आबा, व्हॉट्स द पॉइंट इफ आय कान्ट सेल देम?" मी विचारलं, तुझ्या फोनमधले मैत्रिणींचे फोटो विकतेस का? "दॅट्स डिफरंट," म्हणाली आणि निघून गेली. तासाभराने परत आली आणि कार्डावरचा तो मोठ्या कानांचा खेळाडू कोणत्या ड्रॉवरमध्ये आहे असं विचारलं. मला तेवढं पुरे आहे.

तिने ही कार्डं खेळावीत, वाटावीत, पुस्तकात खूण म्हणून घालावीत, कुणाला प्रेमाने द्यावीत. विकू नयेत, आणि पेटीत तर घालूच नयेत. घातली तर त्या दिवसापासून संपूर्ण संग्रह श्री. हमदुल्ला किंवा त्यांचे वारस यांच्याकडे जाईल. हमदुल्लांना ही अट वाचून दाखवली तर ते म्हणाले, "भाईसाब, मैं बहत्तर का हूँ, किससे लड़ूँगा?" मी म्हटलं, मीही नसेन, तुम्ही सही करा.

कलम नऊ. ते एक कार्ड, आणि चि. तन्मय.

तन्मय, इथून पुढे मी तुझ्याशी बोलतो आहे. उमैमाने भाषांतरातही तसंच ठेवावं.

तुझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात, सप्टेंबर २०१९ मध्ये, डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की एक नवीन इंजेक्शन आहे. विम्याची मर्यादा आपण ओलांडली होती. मी विचारलं, बरी होईल? सज्जन माणूस, तो म्हणाला, नाही, पण दोन-तीन महिने जास्त मिळतील, कदाचित, आणि ते बरेचसे हॉस्पिटलातच जातील. तू तेव्हा रियाधच्या प्रोजेक्टवर होतास. फोनवर म्हणालास, लोन काढतो. मी म्हटलं, नको, सोय झाली आहे. कुठून झाली ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

मी ते कार्ड विकणार होतो. होय, मीच, वर एवढ्या बढाया मारणारा. हमदुल्लांनी गिऱ्हाईक आणलं होतं, साठ हजार दिरहम, तेव्हाचे साडेअकरा लाख. बुधवारी तो माणूस घरी येऊन घेऊन जाणार होता. त्याआधी हमदुल्ला स्वतः येऊन कार्ड तपासून गेले. तुझ्या आईच्या पलंगाशेजारीच आमचं बोलणं झालं. जाताना ते तिला म्हणाले, "भाभीजी, इसको उँगली भी मत लगाना, एक दाग और सब ख़त्म." ती म्हणाली, "नहीं लगाऊँगी."

मंगळवारी दसरा. मी नेहमीप्रमाणे एक फाटकं कार्ड पूजेच्या तबकात काढून ठेवलं आणि झेंडूची फुलं आणायला खाली गेलो. वीस मिनिटांत परत आलो. फाटकं कार्ड कोरडंच बाजूला पडलं होतं. तबकात ते होतं. खेळाडूच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत हळद, वर कुंकू. ती भिंतीला धरून पलंगावरून उठली होती, ड्रॉवर क्रमांक सात उघडला होता, बिन कार्ड वाचून नेमकं तेच काढलं होतं. तेहतीस वर्षांत तिने माझा नियम एकदाच मोडला.

मी आरडाओरडा केला. काय म्हणालो तेही लिहितो, कारण तुझं वाक्य मी लिहिलं आहे. मी म्हणालो, "तुला काय मरायचंच आहे का?"

तिने पदराला बोट पुसलं. म्हणाली, "अहो, आता उद्या कुणी यायचं नाही ना? मग झालं तर. त्या सुया मला नकोत. मला माझ्या घरात राहायचंय. बसा इथे माझ्याजवळ."

मी बसलो नाही. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. अठरा नोव्हेंबरला ती गेली. दसऱ्यापासून मोजून एकेचाळीस दिवस आमच्याकडे होते आणि त्यातले दोन मी एका पुठ्ठ्याच्या तुकड्यापायी घालवले.

म्हणून त्या दिवशी तू अडाणीपणा म्हणालास तेव्हा मी हातोडा उचलला, पण तोंड उघडलं नाही. तोंड उघडलं असतं तर ते दोन दिवस सांगावे लागले असते. तू चार वर्षं समजत आलास की बाप देवभोळा झाला. समजू दिलं. आता ऐक. तुझ्या आईला सगळं कळत होतं. भाव कळत होता, डागाने काय होतं ते कळत होतं, म्हणूनच तिने ते कार्ड उचललं. या घरात एवढ्या शांतपणे एवढी मोठी गोष्ट दुसऱ्या कुणी ठरवलेली नाही, तू नाहीस आणि मीही नाही.

ते कार्ड मी तुला देतो. कलम चारची अट त्याला लागू नाही. शारजाचा तो माणूस अजून असेल. कोपरा दुमडला आहे, सहा येणार नाही, पण तीन येईल, चार येईल. पाठव, पेटीत घाल, वीक, फ्लॅट घे. पुढच्या वारसांनी तुला दोष देऊ नये असंही मी इथे लिहून ठेवतो.

फक्त पुसायला बसशील तेव्हा कुणा अडाणी बाईचा डाग समजून पुसू नकोस. काय पुसतोयस ते आता तुला ठाऊक आहे. आता पूस बघू.

वरील नऊ कलमं मी स्वतः लिहिली, दोनदा वाचली, आणि एकही शब्द मागे घेत नाही.

सही : अंबादास हेमचंद्र चांदवडकर

साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही केली आणि ज्यांनी माझ्यादेखत केली :

१. श्री. हमदुल्ला, नाण्यांचे व्यापारी, देरा (सही)

२. श्रीमती शोभना विजयकुमार ओझरकर, शेजारी, अल बर्शा (सही)

स्थळ : दुबई
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५